बारावी खूण

सरांच्या खुणांच्या यादीची प्रत माझ्याकडे अजून आहे. मूळ कागद दुसरीकडे आहे, त्याचं शेवटी सांगते. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या. प्रवासाच्या सामानाच्या, औषधांच्या, दिवाळीच्या कामांच्या, सासरच्या कोणाला काय चालत नाही याची एक. पण एखाद्या माणसाच्या नुसत्या हातवाऱ्यांची यादी मी एकदाच केली, आणि तिच्यामुळे मला एका फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये दुभाषी म्हणून जेवायला नेण्यात आलं. मला फ्रेंच येत नाही. तिथे फ्रेंचची गरजही नव्हती.

सर जेवताना बोलत नसत. पहिल्या घासापासून शेवटचं पाणी हातावर घेईपर्यंत तोंडातून एक अक्षर नाही. त्यामागे व्रत नव्हतं, नवस नव्हता. कोणी विचारलंच तर म्हणत, "घरची रीत आहे. वडील बोलत नव्हते, मी बोलत नाही. यात समजून घेण्यासारखं काही नाही."

आमचा कारखाना सरकारी. मोजमापाची उपकरणं बनायची. सर तपासणी विभागाचे प्रमुख. मी सांगलीहून लग्न होऊन बेंगळुरूला आले, सव्विसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मला "या अक्का, बसा" म्हटलं. ते तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. मला वाटलं, माझ्या साडीत काहीतरी चुकलं. नंतर कळलं की मल्लेश्वरमच्या त्यांच्या घरात कितीतरी पिढ्या मराठी बोलतात आणि त्या मराठीत बाहेरची प्रत्येक बाई अक्का असते, मग ती चार वर्षांची का असेना.

"तुमची पुण्याची मराठी स्वल्प फास्ट आहे, अक्का," ते म्हणाले.

"मी सांगलीची आहे, सर."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये ठीक. "सगळं नकाशात वरच तर आहे."

सर स्वतःच मोजमापाचं एक उपकरण होते. विभागात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते हिरवी चिठ्ठी चिकटवत: 'तपासले', खाली सही. उपकरणांवर चिकटवणं त्यांचं कामच होतं. पण ती चिठ्ठी खुर्च्यांवर होती, खिडकीच्या कडीवर होती, आणि माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं याची खात्री झाल्यावर एके दिवशी डब्यावरही आली. त्यांच्या मुलीच्या सायकलवर होती असं ती मुलगीच सांगते. शाळेत तिला त्यावरून चिडवत.

रिपोर्टमधली विशेषणं ते लाल पेनाने खोडत. मी पहिल्या महिन्यात एका दाबमापकाचं काम 'उत्कृष्ट' असल्याचं लिहिलं होतं. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "उत्कृष्ट म्हणजे किती मिलिमीटर?" त्यानंतर मी तो शब्द नोकरीत वापरला नाही. माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही वापरला नाही, त्याबद्दल तो अजून बोलतो.

त्यांची स्वतःची श्रेणी तीन शब्दांची होती. 'बघू' म्हणजे अजून ठरलेलं नाही. 'चालेल' म्हणजे चालेल. 'बरं आहे' ही सर्वांत वरची पायरी; तिच्यावर काही नव्हतं. पंधरा वर्षांत मला दोनदा 'बरं आहे' मिळालं. त्यातलं एक माझ्या छत्रीला होतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे विभागातच, मोठ्या टेबलाभोवती जेवायचो. साडेबाराला सर डबा उघडत, उजव्या बाजूला कागदावर भाताची पाच शितं ठेवत, ताटाभोवती पाणी फिरवत आणि मौनात जात. बरोबर बावीस मिनिटं. एकदा जनरल मॅनेजर स्वतः फाइल घेऊन आत आले, "दोन मिनिटं, एकच प्रश्न" म्हणत. सरांनी पंजा वर केला. जनरल मॅनेजरनी इकडे तिकडे पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या डब्यात पाहू लागलो. ते उभे राहिले, मग बसले, मग सरांनी डब्याच्या झाकणात त्यांच्यासमोर लिंबाचं लोणचं आणि दोन चपात्या सरकवल्या. त्यांनी त्या खाल्ल्या. पुढे ते कधी प्रश्न घेऊन आले तर बारा वाजताच येत. लोणच्याबद्दल मात्र अधूनमधून चौकशी करत.

नवीन आलेल्या लोकांचे फार हाल होत. सर खूण करणार, नवा माणूस मीठ मागितलं तर पंखा बंद करणार. म्हणून मी डायरीतून पान फाडून यादी केली. क्रमांक एक, पंजा वर: थांबा. दोन, तळहात छातीशी: पुरे. तीन, करंगळी: मीठ. चार, तर्जनीचं वर्तुळ: ताक. सहा, ताटाला बोट लावून झटकणं: गार आहे. अशा अकरा. नवव्या क्रमांकाला मी लिहिलं होतं: दोन बोटं जोडून ताटाच्या कडेवर टकटक: पुन्हा वाढा. पुढे कंसात: फार क्वचित.

खरंच क्वचित. सर जे पानात पडेल ते खात आणि उठत. नऊ नंबर मी तीनदाच पाहिला. एकदा कॅन्टीनचे जुने आचारी निवृत्त होताना त्यांनी बिसीबेळे भात केला होता तेव्हा. एकदा माझी आई सांगलीहून आली आणि भरल्या वांग्यांचं पातेलं फडक्यात बांधून थेट ऑफिसात आली तेव्हा. आणि एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, साध्या सांबाराला.

यादी त्यांच्या हाती लागली तेव्हा मी राजीनाम्याचे शब्द जुळवत होते. त्यांनी ती उभ्याने वाचली. मग बसून वाचली. मग लाल पेन काढून सातव्या क्रमांकाशी लिहिलं, 'चूक. भुवई नव्हे, हनुवटी.' खाली सही केली, 'आवृत्ती १. मंजूर.' आणि म्हणाले, "कंट्रोल्ड डॉक्युमेंट आहे, अक्का. माझ्या सहीशिवाय यात बदल करायचा नाही."

त्यांचा आणखी एक नियम होता, तो यादीत नव्हता कारण तो हाताने पाळायचा नव्हता. जेवण झाल्यावर जेवणाबद्दल बोलायचं नाही. कोणी विचारलं, कसं झालं होतं, तर म्हणत, "पोटात गेलेल्याचा रिपोर्ट काढत नाहीत." म्हणजे जेवताना बोलणार नाहीत आणि जेवल्यावर त्याविषयी बोलणार नाहीत. त्यांच्या पत्नी हयात असेपर्यंत या दोन नियमांच्या मधल्या फटीत कशा राहिल्या, मला माहीत नाही. मी त्यांना एकदाच भेटले. त्या खूप बोलत होत्या.

सर निवृत्त झाले. मी त्यांच्या खुर्चीवर बसले. खुर्चीवरची हिरवी चिठ्ठी काढली नाही. वर्षातून दोनदा फोन व्हायचा. आणि मग तीन वर्षांपूर्वी एक दिवस त्यांच्या मुलीचा फोन आला.

या मुलीने इंजिनीअर होऊन व्हाइटफील्डला वर्षभर नोकरी केली होती आणि मग ती सोडून स्वयंपाक शिकायला निघून गेली होती. आधी मुंबई, मग फ्रान्स. नोकरी सोडताना तिने वडिलांना सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "सरी. बघू." त्याला नऊ वर्षं झाली होती. ती नऊ वर्षं 'बघू'वर उभी होती. आता शहराबाहेर, विमानतळाच्याही पलीकडे, एका बड्या रिसॉर्टमधल्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये मुख्य शेफच्या खालची जागा तिच्याकडे होती. सर तिथे एकदाही गेले नव्हते. भांडण नव्हतं. फ्रेंच स्वयंपाकात सगळीकडे अंडं असतं, एवढंच ते सांगत.

"अक्का," ती म्हणाली. वडिलांची मी अक्का, मुलीचीही अक्काच. "एक काम आहे. अप्पांना जेवायला बोलावलंय, दुपारी. अंड्याशिवायचं सहा पदार्थांचं जेवण आहे, सगळं माझं."

"हो म्हणाले?"

"बघू म्हणाले. म्हणजे येणार. तुम्ही पण यायचं."

"मी कशाला?"

"तुमच्याकडे यादी आहे."

मग तिने खरं सांगितलं. सहांपैकी चौथा पदार्थ तिच्या जिवाचा होता. तिकडच्या खेड्यांतली पांढऱ्या घेवड्याची उसळ म्हणा. मातीच्या भांड्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवायची, वर पावाच्या चुऱ्याचा थर, तो भाजून कुरकुरीत झाला की मोडून आत ढकलायचा, पुन्हा नवा थर. मूळ पदार्थात मांस असतं. हिने ते काढून टाकून वर्षभर त्यावर काम केलं होतं. मुख्य शेफ खरोखरचा फ्रेंच. तो म्हणत होता, मांस नाही तर तो पदार्थच नव्हे. सोमवारपर्यंत सांग, मेनूकार्डावर ठेवायचा की काढायचा.

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काहीच वाटेनासं झालंय, अक्का. इथे येणारे लोक अमेझिंग म्हणतात, डिव्हाइन म्हणतात. खायच्या आधी, फोटो काढताना म्हणतात. त्याचं मी काय करू? मला एकच माणूस माहीत आहे जो तोंडदेखलं बोलत नाही. बोलतच नाही. चौथ्याला अप्पांनी नऊ नंबर केला तर मी शेफशी भांडेन. नाही केला तर मीच काढून टाकते. मात्र तुम्ही मला खरं सांगायचं. माया करायची नाही."

"मी तपासणी विभागातली आहे," मी म्हटलं.

ठरलेल्या रविवारी मी यादी पारदर्शक फोल्डरमध्ये घातली, डायरी घेतली, पेन दोन घेतले आणि मल्लेश्वरमहून सरांना टॅक्सीत घेतलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, हातात कापडी पिशवी. पिशवीत तांब्याचा छोटा पेला. ताटाभोवती फिरवायचं पाणी काचेच्या ग्लासातून घेणं त्यांना पटत नसे. दीड तासाच्या रस्त्यात ते टॅक्सीच्या मीटरचं, पुढे गेल्यावर रस्त्याच्या उताराचं आणि रिसॉर्टच्या फाटकाच्या बिजागरीचं निरीक्षण करत आले. फाटकापासून रेस्टॉरंटपर्यंत विजेच्या छोट्या गाडीने नेतात. सरांनी उतरून तिच्या बॅटरीचं झाकण पाहिलं आणि चालकाला कन्नडमध्ये सांगितलं की एक स्क्रू नाही. चालक म्हणाला, तीन महिन्यांपासून नाही. दोघांना एकमेकांबद्दल आदर वाटलेला दिसला.

आत पांढरे टेबलक्लॉथ, उंच खिडक्या, बाहेर तळं. आमचा कॅप्टन, म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख, पन्नाशीचा, पांढरे हातमोजे, मंगळूरकडचा. सरांनी बसल्याबसल्या काटा उलटा करून त्यावरचा छाप वाचला आणि बाजूला ठेवला. मग विचारलं, "अंडं नाही ना?"

"नाही सर. मॅडमनी आत सगळ्यांना तीनदा सांगितलंय."

"सरी," म्हणाले, आणि हे पुढच्या तीन तासांपुरतं शेवटचं वाक्य होतं. आम्हाला दोघांनाही तेव्हा ते माहीत नव्हतं.

कारण माझ्या हिशेबात जेवण बावीस मिनिटांचं होतं. पहिला पदार्थ आला. मोठ्या पांढऱ्या थाळीच्या मधोमध बिटाची एक चकती, वर पानाचा एक तुकडा. सरांनी भात शोधला. भात नव्हता. त्यांनी पावाकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी धान्यच आहे असं ठरवलेलं दिसलं. पावाचे पाच कण थाळीच्या उजवीकडे टेबलक्लॉथवर ओळीने ठेवले, पेल्यातलं पाणी भोवती फिरवलं आणि मौनात गेले. बिटाची चकती एका घासात संपली. मग ते ताट यायची वाट पाहत बसले. कॅप्टन आला, थाळी उचलली आणि कमरेची चांदीची पट्टी काढून टेबलक्लॉथवरचा चुरा सफाईने खरवडून घेतला. पाचही कण गेले.

सरांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. काही बोलता येत नव्हतं. त्यांनी पुन्हा पाच कण ठेवले, पुन्हा पाणी फिरवलं.

दुसरं सूप आलं. ते मुद्दामच थंड असतं. सरांनी वाटीला बोट लावून झटकलं. क्रमांक सहा. मी म्हटलं, "असंच असतं, सर." त्यांनी ते औषधासारखं घेतलं. वाटी गेली, पट्टी आली, कण गेले. सरांनी तिसऱ्यांदा ठेवले. या वेळी ते पावाचे मोठे तुकडे होते. कॅप्टननेही जरा जास्त जोर लावला. मी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की दोघंही आपापलं काम अत्यंत चोखपणे करत आहेत आणि हे असं संध्याकाळपर्यंत चालू शकेल.

मी कॅप्टनला हळूच कन्नडमध्ये सांगितलं, ते चुकून सांडत नाहीत, ठेवतात.

त्याचा हात थांबला. "अय्यो, अक्का, आधी सांगायचं ना. माझे आजोबा ठेवायचे." त्याने स्वतः पावाचे पाच कण नीट ओळीत ठेवले, वर एक रिकामा वाइनचा ग्लास उपडा घातला, म्हणजे दुसऱ्या कोणी पुसायला नको. सरांनी ती व्यवस्था तपासली. हिरवी चिठ्ठी बरोबर असती तर नक्की लावली असती.

"पण सर रागावलेत का?" त्याने मला विचारलं. "प्रत्येक पदार्थाला कसं वाटलं विचारायचं असा इथला नियम आहे. ते पंजा दाखवतात."

"जेवताना बोलत नाहीत."

"मग दोन पदार्थांच्या मध्ये?"

हा प्रश्न मला पडला नव्हता. मी सरांकडे पाहिलं. सरांनाही तो पहिल्यांदाच पडलेला दिसला. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि पंजा वर केला. जेवण एकच, उठलो नाही म्हणजे संपलेलं नाही.

"सहा पदार्थांना तीन तास लागतात," कॅप्टन म्हणाला.

सरांचा पंजा तसाच होता.

तिसरं काय होतं ते मी लिहून ठेवलंय, हिरवे कोंब आणि त्यावर फेस. सरांनी फेस बसण्याची वाट पाहिली, मग खाल्ले. स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच होती आणि त्या काचेत मला पांढरी टोपी दिसत होती. ती हलत नव्हती.

चौथा पदार्थ आला. पुन्हा तीच मोठी थाळी, आणि मध्ये तीन चमचे उसळ, वर तपकिरी पापुद्र्याचा एक तुकडा टेकवून ठेवलेला. एवढं सुंदर मांडलं होतं की उसळ आहे असं सांगावं लागलं. सरांनी चमचा ठेवला आणि हाताने खायला घेतली. मी त्यांची दोन बोटं पाहत होते. तीन घास झाले. सरांनी बोटं पुसली. थाळीच्या कडेकडे हात गेला नाही. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, पाहत राहिले, मग कॅप्टन येऊन थाळी घेऊन गेला.

मी डायरीत लिहिलं: चार, नऊ नंबर नाही.

मी हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि दारापाशी गेले. ती बाहेर आली. ॲप्रन, कपाळाला घाम.

"नाही," मी म्हटलं.

"एकदापण?"

"तीन घास खाल्ले. मग दाराकडे बघत बसले."

"सरी," ती म्हणाली. अगदी बापासारखं. "ठीक आहे, अक्का. खरं सांगितलंत." आणि आत गेली.

पाचवं चीज होतं, सहावी शिजवलेली नाशपाती. सरांनी दोन्ही संपवलं. कॉफी आली ती बाजूला सरकवली. आता हातावर पाणी घेऊन जेवण संपवायचं, उठायचं, एवढंच राहिलं होतं. त्यांनी पेला जवळ ओढला. आणि पाणी घेतलं नाही.

पाच मिनिटं गेली. दहा. इतर टेबलं रिकामी झाली. दुसरे लोक संध्याकाळसाठी नवे टेबलक्लॉथ घालू लागले, ते आमच्या टेबलाला वळसा घालून जात. सर ताठ बसले होते. मी फोल्डर काढून अकराही खुणा तपासल्या. एकही नव्हती. पंजा खाली, करंगळी मिटलेली, हनुवटी जागेवर.

"सर, बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं. हनुवटी हलली नाही.

कॅप्टन म्हणाला, "मॅडमना बोलावू?"

ती आली. आमच्या टेबलाशेजारी हात जोडल्यासारखे पुढे धरून उभी राहिली. "अप्पा, झालं ना?" सरांनी तिच्याकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही. ते तिच्या हातांकडे पाहत होते. रिकाम्या हातांकडे. मग तिच्या मागच्या दाराकडे.

तेव्हा मला आमचे आचारी दिसले, बिसीबेळे भाताचं पातेलं कमरेवर घेऊन टेबलाभोवती फिरणारे. माझी आई दिसली, फडकं सोडून पातेल्यात डाव घालून सरांसमोर उभी. लग्नातला वाढपी दिसला, सांबाराची बादली घेऊन. तिन्ही वेळा भांडं समोर आलं होतं. तिन्ही वेळा कोणीतरी म्हणालं होतं, वाढू? सरांनी बोटं टकटक केली होती ती त्यानंतर. या माणसाने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. विचारल्यावर फक्त हो म्हटलं होतं. माझ्या यादीत खूण होती, अट नव्हती. इतकी वर्षं मी अपुरी यादी जपून बसले होते.

आणि इथे तासाभरापासून ते वाढपी परत यायची वाट पाहत होते. पंगतीत वाढपी परत येतोच.

"भांडं घेऊन ये," मी तिला म्हटलं.

"कुठलं?"

"चौथ्याचं. ज्यात शिजवलंस ते. आणि डाव."

"अक्का, इथे तसं चालत नाही. किचनचं भांडं बाहेर आणायचं नाही असं..."

"तुला नऊ नंबर हवाय का?"

ती गेली. दार उघडलं तेव्हा आधी तिची पाठ आली, दार ढकलत; मग ती वळली आणि फडक्यात धरलेलं काळपट मातीचं भांडं दिसलं, आत अर्ध्यापर्यंत उसळ, कडेला करपलेला पापुद्रा. तिच्या मागे फ्रेंच शेफ, कमरेवर हात. कॅप्टनने न सांगता स्वच्छ थाळी सरांपुढे ठेवली.

"अप्पा, वाढू?"

दोन बोटं, थाळीच्या कडेवर. टक, टक.

तिने वाढलं. सरांनी खाल्लं, सावकाश, पापुद्रा मोडून आत कालवून, तो जसा खायचा असतो तसा. ती भांडं घेऊन परत फिरणार तेवढ्यात पुन्हा, टक टक. मी डायरीत लिहायचं विसरले. एकाच पदार्थाला दोनदा हे मी कधी पाहिलं नव्हतं. शेफ मागून काहीतरी फ्रेंचमध्ये बोलला, मग पुढे येऊन त्याने भांड्याच्या कडेचा करपलेला तुकडा बोटांनी मोडून तोंडात टाकला आणि आत गेला.

तिसऱ्यांदा सरांनी तळहात छातीशी नेला. पुरे. मग पेल्यातलं पाणी हातावर घेतलं, प्यायले, उठले, हात धुऊन आले. आम्ही तिघं, ती, मी आणि कॅप्टन, ओळीत उभे होतो. तीन तासांहून जास्त वेळानंतर सर बोलले.

"ते भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

मुलगी हसली. हसता हसता टोपी काढून तिने डोळ्यांवर धरली आणि आत काहीतरी बघायचं आहे असं म्हणून गेली. भांडं तिच्या काखेत होतं.

परतीच्या टॅक्सीत मी फोल्डरमधून कागद काढला आणि खाली लिहिलं: 'बारा. जेवण झाल्यावरही न उठणे. अर्थ: पदार्थ अतिशय आवडला आहे. भांडं घेऊन जावं आणि विचारावं.'

"काय लिहिताय, अक्का?"

मी कागद दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, वाचला, खिशातलं लाल पेन काढलं आणि 'अतिशय' खोडलं. ते होणारच होतं. मग पेन कागदावर टेकवून बाहेर पाहत बसले. हेब्बाळचा पूल येईपर्यंत पाहत बसले. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. तिथे त्यांनी 'आवडला आहे' हेही खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'बरा आहे'.

मी पाहिलं. "सर, हा रिपोर्ट झाला. पोटात गेलेल्याचा."

"नाही अक्का," ते सही करत म्हणाले. "हे डॉक्युमेंट करेक्शन आहे." आणि खाली लिहिलं, 'आवृत्ती २. मंजूर.'

मी टॅक्सीतूनच त्याचा फोटो तिला पाठवला. मल्लेश्वरमला सर उतरले, पिशवी सांभाळत फाटकाची कडी हलवून बघत आत गेले, तेव्हा तिचा मेसेज आला. सोमवारी ती भांडणार होती. चौथा पदार्थ थाळीत येणार नव्हता, भांड्यातून वाढायचा होता, आणि दुसऱ्यांदा विचारायला जायचं होतं, याबद्दलही भांडणार होती. खाली एक ओळ: 'अक्का, मूळ प्रत मला पाहिजे.'

मूळ प्रत मी कधीही कोणाला देत नाही. चालकाला गाडी वळवायला सांगितलं.